घरच्या दुर्बिणीतून गुरू-शनीचे फोटो कसे काढतात? 'लकी इमेजिंग' सोप्या भाषेत

गुरूचे पट्टे, त्यावरचा तांबडा डाग, शनीची कडी. असे फोटो सोशल मीडियावर दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, "घराच्या गच्चीवरून, ६ इंची दुर्बीण". आपण दुर्बीण विकत घेतो, आयपीसला फोन लावतो, क्लिक करतो आणि हाती येतो एक पांढरा, थरथरलेला ठिपका. मग वाटतं की दुर्बीण लहान पडली, किंवा कॅमेरा भारी हवा होता. इथेच बऱ्याच जणांचे पैसे चुकीच्या वस्तूवर खर्च होतात, आणि बऱ्याच दुर्बिणी माळ्यावर जातात.

खरं कारण वेगळं आहे. तो सुंदर फोटो एका क्लिकचा नसतोच. ग्रहाचा व्हिडिओ घ्यायचा, त्यातल्या हजारो फ्रेम्समधून चांगल्या तेवढ्या निवडायच्या आणि त्या एकावर एक रचायच्या, अशी ती पद्धत आहे. तांदूळ निवडतो ना, तसंच. ही पद्धत समजली की कशावर खर्च करायचा आणि कशावर नाही हे आपोआप कळतं.

ग्रह नेमका किती छोटा दिसतो?

आकाशात आकार कोनात मोजतात. एका अंशाचे ३६०० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक आर्कसेकंद. पूर्ण चंद्र साधारण १८०० आर्कसेकंद रुंद दिसतो. गुरू आपल्या जवळ असतो तेव्हा साधारण ४४ ते ५० आर्कसेकंद, शनीचा गोळा २० च्या आसपास, आणि मंगळ अगदी सर्वोत्तम वेळी २५. एरवी मंगळ याहून बराच लहान असतो.

अंदाज यावा म्हणून असं समजा: १० रुपयांचं नाणं कोणीतरी १२० मीटरवर धरलंय. तेवढा गुरू दिसतो. त्या नाण्यावरची नक्षी आपल्याला टिपायची आहे.

दुर्बिणीला हे जमतं. ६ इंची, म्हणजे १५० मिलिमीटर आरशाची दुर्बीण साधारण पाऊण आर्कसेकंद इतका बारीक तपशील वेगळा दाखवू शकते. म्हणजे गुरूच्या रुंदीत साठेक तपशील मावतात. पट्टे, तांबडा डाग, चंद्रांच्या सावल्या यांना एवढं पुरे आहे. मग अडतं कुठे?

अडथळा आरशात नाही, हवेत आहे

मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्याकडे बघा. लांबची गाडी पाण्यात असल्यासारखी हलताना दिसते. गरम आणि थंड हवा एकमेकांत मिसळत असते, दोन्हींतून प्रकाश थोडा वेगवेगळा वाकतो, म्हणून हे होतं. रात्रीसुद्धा आपल्या डोक्यावर किलोमीटरच्या किलोमीटर अशीच हवा हलत असते. तारे लुकलुकतात ते यामुळेच. हवेच्या या स्थिरतेला खगोलाच्या भाषेत 'सीइंग' म्हणतात.

दुर्बीण ग्रहाला मोठं करते तेव्हा ही थरथरही मोठी करते. हवेची स्थिती सेकंदाच्या शंभराव्या भागात बदलू शकते. त्यामुळे अर्ध्या सेकंदाचं एक्स्पोजर दिलं तर त्यात डझनावारी वेगवेगळ्या थरथरी मिसळतात आणि पट्टे पुसले जातात.

गंमत अशी की थरथर सतत सारखी नसते. मध्येच एखादा क्षण हवा शांत होते आणि ग्रह लख्ख दिसतो. दुर्बिणीला डोळा लावून दहा मिनिटं बसलेल्या कोणालाही हा अनुभव येतो. प्रश्न एवढाच की तो क्षण पकडायचा कसा?

नशीबवान फ्रेमचं गणित

डेव्हिड फ्राइड या शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये याचं गणित मांडलं. त्याने विचारलं: खूप छोटी एक्स्पोजर घेत गेलो, तर त्यातलं एखादं हवेच्या त्रासातून जवळजवळ सुटलेलं असण्याची शक्यता किती? उत्तर दोन गोष्टींवर ठरतं. एक, दुर्बिणीचा व्यास. दुसरी, त्या रात्री हवेचा किती रुंद पट्टा 'सपाट' म्हणजे न थरथरणारा आहे.

समजा मध्यम प्रतीच्या रात्री हा सपाट पट्टा ५ सेंटीमीटर आहे. मग गणित असं येतं:

- दुर्बीण पट्ट्याच्या ३ पट (६ इंची): चारातल्या तीन फ्रेम्स चांगल्या
- ५ पट (१० इंची): साधारण अकरातली एक
- ७ पट (१४ इंची): साधारण साडेतीनशेतली एक
- १० पट (२० इंची): दहा लाखांत एक

हे आकडे पुन्हा वाचा. हवा जेमतेम असेल त्या रात्री मोठी दुर्बीण जवळजवळ नेहमी हरते आणि छोटी दुर्बीण तिच्या क्षमतेच्या जवळ काम करत राहते. मोठ्या दुर्बिणीची चांगली फ्रेम मिळालीच तर ती नक्कीच जास्त तपशीलवार असते, पण तिच्यासाठी हवा चांगली हवी. म्हणून शहरात सुरुवात करणाऱ्याला ६ किंवा ८ इंची दुर्बीण 'कमी' नाही.

फ्राइडचं गणित हौशी लोकांच्या हाती आलं ते वेबकॅममुळे. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला फिलिप्सच्या टू-यू-कॅमसारखे, व्हिडिओ चॅटसाठी बनवलेले साधे वेबकॅम लोकांनी लेन्स काढून दुर्बिणीला लावले. फिल्मवर एका रात्रीत काही मोजके फोटो निघायचे. वेबकॅम मिनिटाला शेकडो फ्रेम्स द्यायला लागला. आज शंभर फ्रेम्स प्रति सेकंद हा वेग सहज मिळतो. दोन मिनिटांत १२,००० फ्रेम्स!

मग त्या एकावर एक का रचायच्या?

एक फ्रेम चांगली मिळाली तरी ती दाणेदार असते. एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाचं, त्यात प्रकाश कितीसा येणार? या दाण्यांना 'नॉइज' म्हणतात. तो प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या जागी असतो, ग्रहाचा पट्टा मात्र त्याच जागी. अनेक फ्रेम्सची सरासरी काढली की पट्टा टिकतो आणि नॉइज विरतो.

किती विरतो? फ्रेम्सच्या संख्येच्या वर्गमुळाइतका. १०० फ्रेम्स रचल्या तर दहापट कमी, १६०० रचल्या तर चाळीसपट कमी. यालाच स्टॅकिंग म्हणतात. नॉइज इतका कमी झाला की मगच फोटो 'शार्प' करता येतो. एकट्या फ्रेमला शार्प करायला गेलात तर फक्त दाणे मोठे होतात.

दोनच मिनिटं का? तासभर का नाही?

कारण गुरू थांबत नाही. एवढा मोठा गोळा ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. त्याच्या मधोमध असलेला डाग आपल्याला मिनिटाला साधारण पाव आर्कसेकंद सरकताना दिसतो. तीन मिनिटांत पाऊण आर्कसेकंद, म्हणजे ६ इंची दुर्बिणीच्या तपशिलाएवढाच. त्याहून लांब व्हिडिओ घेतला तर हवेने नाही, गुरूनेच फोटो पुसला असं होईल.

शनीही जवळपास तेवढ्याच वेगाने फिरतो, पण त्याच्यावर ठळक डाग क्वचितच असतात, म्हणून चार-पाच मिनिटं चालतात. मंगळाची फेरी २४ तास ३७ मिनिटांची, तिथेही घाई कमी. एकामागून एक घेतलेले व्हिडिओ जोडायचे असतील तर विनजुपोस हे मोफत सॉफ्टवेअर ग्रहाचं फिरणं हिशोबात धरून ते जुळवून देतं.

पैसे कुठे घालायचे?

दुर्बीण: खोक्यावर "५२५ पट मोठं दिसेल" असं लिहिलेलं असेल तर दुकानातून सरळ बाहेर पडा. पट वाढवणं स्वस्त असतं, तपशील वाढवणं नाही. बघायचा तो आरशाचा किंवा भिंगाचा व्यास आणि स्टँड किती घट्ट आहे ते. ६ इंची, १२०० मिलिमीटर फोकल लेंथची डॉब्सोनियन, म्हणजे लाकडी बैठकीवर फिरणारी दुर्बीण, सुरुवातीला उत्तम.

कॅमेरा: डीएसएलआरपेक्षा छोटा 'प्लॅनेटरी कॅमेरा' जास्त उपयोगी. तो आयपीसच्या जागी बसतो आणि यूएसबी ३.० ने लॅपटॉपला जोडतात. इथे मेगापिक्सेल कामाचे नाहीत, वेग कामाचा.

बार्लो लेन्स: ही फोकल लेंथ वाढवते. किती वाढवायची याचा सोपा ठोकताळा असा: कॅमेऱ्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, त्याला ५ ने गुणा, साधारण तेवढा एफ-आकडा ठेवा. २.९ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एफ/१४.५. आपली १२०० मिलिमीटरची दुर्बीण एफ/८ आहे, २ पट बार्लो लावली की एफ/१६. झालं. यात गुरू सुमारे १८५ पिक्सेल रुंद येतो. ५ पट बार्लो लावून काही मिळत नाही, फक्त चित्र मोठं, अंधुक आणि धूसर होतं.

ट्रॅकिंग: मोटर असेल तर सोपं जातं, पण नसली तरी अडत नाही. पृथ्वी फिरते म्हणून ग्रह सेकंदाला १५ आर्कसेकंदपर्यंत सरकतो. वर सांगितलेल्या जोडणीत १९३६ पिक्सेल रुंदीचा सेन्सर असेल तर गुरू अर्ध्या मिनिटात एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जातो. दुर्बीण न हलवता त्याला जाऊ द्यायचं, पुन्हा पुढे आणायचं, पुन्हा व्हिडिओ. पिप नावाचं मोफत सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेममधला ग्रह मध्यभागी आणून ठेवतं.

फक्त फोन असेल तर? तरीही सुरुवात करा. आयपीसला फोन धरणारं ॲडॅप्टर मिळतं. फोटो नको, व्हिडिओ घ्या. ग्रहावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, आणि ब्राइटनेस इतका खाली आणा की पट्टे दिसू लागतील. फोन आपोआप अंधाऱ्या आकाशाकडे बघून एक्स्पोजर वाढवतो, म्हणूनच तो पांढरा ठिपका येतो. फोनचा व्हिडिओ दाबलेला, म्हणजे कॉम्प्रेस केलेला असतो, त्यामुळे तपशील कमी मिळतो. पण गुरूचे दोन मुख्य पट्टे आणि शनीची कडी नक्की येतात.

महाराष्ट्रातून बघणाऱ्याचा फायदा आणि तोटा

ग्रह क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश जास्त हवेतून येतो. थरथर वाढते आणि ग्रहाच्या एका कडेला लाल, दुसऱ्या कडेला निळी झालर दिसते. ग्रह जितका डोक्यावर तितकं चांगलं. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे ग्रह आपल्याकडे उंच चढतात. जानेवारी २०२६ मध्ये गुरू सूर्याच्या बरोबर समोर, म्हणजे प्रतियुतीत होता. तेव्हा मुंबईतून तो सुमारे ८७ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येत होता. लंडनमधून तोच ६० अंशांवर. २०२० च्या प्रतियुतीत तर मुंबईतून तो ४९ अंश होता आणि लंडनमधून जेमतेम १७.

पण २०२० ची ती प्रतियुती जुलैत होती. जुलैत आपल्याकडे आकाश कुठलं दिसायला! गुरूची प्रतियुती दर वर्षी साधारण महिनाभर पुढे सरकते, शनीची साधारण दोन आठवडे. ती हिवाळ्यात आली की आपली चांदी. शनीची २०२६ ची प्रतियुती ४ ऑक्टोबरला, पाऊस परततो त्या सुमारास. गुरूची पुढची फेब्रुवारी २०२७ मध्ये, आणि मंगळाची १९ फेब्रुवारी २०२७ ला. मंगळ मात्र त्या वेळी १४ आर्कसेकंदांच्या आतच असेल, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा.

दुसरी अडचण आपल्या गच्चीची. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि दुर्बिणीच्या अगदी पुढ्यातच हवा उकळते. शक्य असेल तर माती किंवा गवतावर बसा. गच्चीच असेल तर रात्री उशिरा किंवा पहाटे बघा. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून ग्रह बघू नका. आणि दुर्बीण घरातून बाहेर काढून पाऊण-एक तास तशीच ठेवा, आरसा बाहेरच्या हवेइतका थंड होऊ दे.

पावसाळ्यात दुर्बीण आणि बार्लो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. भिंगावर बुरशी धरली तर ती काढणं फार अवघड.

प्रत्यक्ष काम: स्टेप बाय स्टेप

१. कोलिमेशन तपासा, म्हणजे आरसे एका रेषेत आहेत ना ते बघा. हे बिघडलेलं असेल तर पुढचं सगळं वाया.

२. फोकस गुरूच्या एखाद्या चंद्रावर करा. तो सर्वांत छोटा ठिपका दिसला की फोकस बरोबर. रात्र थंड होते तसा फोकस सरकतो, म्हणून अधूनमधून पुन्हा तपासा.

३. फायरकॅप्चर किंवा शार्पकॅपमध्ये फक्त ग्रहाभोवतीचा चौकोन निवडा, उदाहरणार्थ ६४० बाय ४८०. त्यामुळे वेग वाढतो. मोटर नसेल तर मात्र सेन्सरची पूर्ण रुंदी ठेवा.

४. एक्स्पोजर गुरूसाठी १० मिलिसेकंदांच्या आसपास. शनी अंधुक आहे, त्याला जास्त लागतं. गेन वाढवावा लागला तर वाढवा, नॉइज स्टॅकिंगमध्ये जाईल. हिस्टोग्राम साधारण दोन तृतीयांशापर्यंत ठेवा, ग्रह जळू देऊ नका.

५. दोन मिनिटांचा व्हिडिओ एसईआर फॉरमॅटमध्ये साठवा. १२,००० फ्रेम्स म्हणजे साडेतीन जीबीहून जास्त. हार्ड डिस्क संथ असेल तर फ्रेम्स गळतात, एसएसडी वापरा. असे दहा-पंधरा व्हिडिओ घ्या.

६. ऑटोस्टॅकर्टमध्ये व्हिडिओ उघडा. ते प्रत्येक फ्रेमची गुणवत्ता तपासून क्रम लावतं. चांगल्या रात्री वरच्या ३० ते ५० टक्के फ्रेम्स घ्या, वाईट रात्री १० टक्केच.

७. तयार झालेलं चित्र मऊ, धूसर दिसेल. घाबरू नका. रेजिस्टॅक्सच्या 'वेव्हलेट' स्लायडरने ते हळूहळू शार्प करा. पट्टे उमटताना बघणं हा या छंदातला सगळ्यात मोठा आनंद आहे.

एक सक्त सूचना: दिवसा किंवा संध्याकाळी शुक्र-बुध शोधताना दुर्बीण सूर्याजवळ नेऊ नका. फिल्टर नसताना एक क्षण सूर्य दिसला तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

शार्प करायचं, पण किती?

स्लायडर पुढे ढकलत गेलात तर ग्रहाच्या कडेला एक खोटी रेघ येते, पट्ट्यांमध्ये जाळी दिसू लागते. ते गुरूवर नसतं, सॉफ्टवेअरने तयार केलेलं असतं. खात्री करायची सोपी युक्ती आहे: लागोपाठच्या दोन व्हिडिओंवर तीच प्रक्रिया करा. दोन्हींत त्याच जागी असलेला ठिपका खरा मानायला हरकत नाही. एकातच दिसणारा ठिपका संशयास्पद. फोनमधले 'एआय' सुधारणेचे पर्याय बंदच ठेवा. आपल्याला गुरू जसा त्या रात्री होता तसा हवा आहे.

हे फक्त लाइक्ससाठी नाही

१९ जुलै २००९ च्या रात्री ऑस्ट्रेलियातले हौशी निरीक्षक अँथनी वेस्ली साडेचौदा इंची दुर्बिणीने गुरूचे व्हिडिओ घेत होते. हवा काही खास नव्हती, ते आवरायच्या बेतात होते. तेवढ्यात गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. त्यांनी लागलीच इतरांना कळवलं. नासाच्या हवाईमधल्या इन्फ्रारेड दुर्बिणीने पाहणी केली: गुरूवर काहीतरी आदळलं होतं. शूमेकर-लेव्ही धूमकेतूच्या १९९४ मधल्या धडकेनंतर १५ वर्षांनी असं पुन्हा दिसलं, आणि पहिल्यांदा पाहणारा माणूस कुठल्या वेधशाळेतला नव्हता.

पुढच्याच वर्षी, ३ जून २०१० ला, वेस्लींच्या व्हिडिओत गुरूवर दोनेक सेकंदांचा एक लखलखाट सापडला. एकट्याच्या नोंदीवर कोण विश्वास ठेवणार? पण फिलिपिन्समधले ख्रिस्तोफर गो हेही त्याच वेळी गुरूचा व्हिडिओ घेत होते. त्यांनी आपली फाइल तपासली, तर तोच लखलखाट तिथेही! दोन ठिकाणांहून दिसला म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नाही, हे पक्कं झालं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. स्टॅकिंग म्हणजे सरासरी, आणि हजारो फ्रेम्सच्या सरासरीत दोन सेकंदांचा लखलखाट विरून जातो. म्हणजे सुंदर फोटो करण्याच्या प्रक्रियेतच शोध हरवू शकतो. म्हणून व्हिडिओ डिलीट करण्याआधी डिटेक्ट या मोफत प्रोग्राममधून चालवा. तो खास असे लखलखाट शोधण्यासाठीच बनवला आहे. आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख आणि वेळ लिहा, लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून ठेवा. वेळ नसलेला फोटो छान दिसतो, पण शास्त्रज्ञांच्या कामाचा नसतो.

गुरूभोवती फिरणाऱ्या जुनो यानाच्या मोहिमेतही जगभरच्या हौशी लोकांचे फोटो उपयोगी पडले आहेत. यान ढगांच्या अगदी जवळून जातं, तेव्हा त्याला एका वेळी थोडाच भाग दिसतो. संपूर्ण गुरूवर त्या दिवसांत काय चाललंय हे पृथ्वीवरून बघावं लागतं. मोठ्या दुर्बिणींना रोज गुरूकडे बघायला वेळ नसतो. गच्चीवरच्या माणसाला असतो.

तुमच्या जवळ खगोलप्रेमींचा गट असेल तर दुर्बीण घेण्याआधी त्यांच्या एखाद्या आकाशदर्शनाला जा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे. तिथे वेगवेगळ्या दुर्बिणींतून गुरू बघा, मगच पैसे काढा. आणि दुर्बीण आधीच माळ्यावर असेल तर आज रात्री ती खाली काढा, तासभर थंड होऊ द्या आणि फोटोऐवजी व्हिडिओचं बटण दाबा.